लांबलचक गाडी, दमलेलं इंजिन

प्रश्न : माझ्याकडे १९९५ची टाटा इस्टेट आहे. भिलाई इस्पात संयंत्रात नोकरीला असताना घेतली, निवृत्तीनंतरही विकवली नाही. भंडारा-नागपूरकडच्या लग्नकार्यांना आम्ही पाच माणसं, मागे पिशव्या-डबे आणि एसी चालू, असे तिच्यातूनच जातो. वर्षाला सहा हजार किलोमीटर होतात. पूर्वी हायवेला लिटरला साडेबारा मिळायचे, आता साडेनऊच्या पुढे गाडी जात नाही. सकाळी एका सेल्फमध्ये उठत नाही, चढाला काळा धूर सोडते. आमचा मिस्त्री म्हणतो, ‘साहब, इंजन ही बदल दो, कॉमन रेल डालेंगे, अठारा देगा.’ जावई म्हणतात, छोट्या कारचं इंजिन बसवा. जुन्या सहकाऱ्याचा आग्रह मटाडोर-ट्रॅक्सच्या इंजिनाचा. चांगल्या ॲव्हरेजसाठी कोणतं इंजिन निवडावं?
— एक वाचक, सिविक सेंटर, भिलाई

उत्तर : तुमच्या पत्रात इंजिनं तीन आली आहेत, पण महत्त्वाचा आकडा मध्येच आहे : पूर्वी साडेबारा, आता साडेनऊ. म्हणजे हेच इंजिन, हीच गाडी, हाच नागपूरचा रस्ता, आणि ॲव्हरेज पाव हिस्सा उतरलं. इंजिन मुळात चुकीचं असतं तर ते १९९५ सालीही साडेनऊच देतं. तुमचं इंजिन आजारी आहे. त्याला घराबाहेर काढण्याआधी तपासायला हवं.

तुम्ही प्लांटमधले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. ब्लास्ट फर्नेसवर ‘एक किलो कोकमध्ये किती लोखंड’ असं कुणी विचारत नाही. एक टन हॉट मेटलला किती किलो कोक लागला, तो कोक रेट, असा हिशोब असतो. गाडीलाही तोच लावा : शंभर किलोमीटरला किती लिटर? ‘लिटरला किती’ हे माप कानाला गोड लागतं, पण फसवतं. साडेनऊ म्हणजे शंभरला १०.५ लिटर, साडेबारा म्हणजे ८, आणि समजा नवीन इंजिनाने साडेपंधरा दिले तर साधारण ६.५. दोन्ही टप्प्यांत वाढ तीन किलोमीटरचीच दिसते. पण पहिल्या टप्प्यात शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात आणि दुसऱ्यात दीडच. तुमच्या सहा हजार किलोमीटरला गाडी पूर्ववत केली तर वर्षाला सुमारे १५० लिटर वाचतील. त्यापुढे इंजिन बदलून आणखी वाचतील ते नव्वदएक. डिझेल ९५ रुपये धरलं तर ही दुसरी बचत वर्षाला नऊ हजारांच्याही आत राहते. ओव्हरहॉलपेक्षा इंजिन बदलायला लाखभर जास्त लागले, तर ते वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील. गाडी आजच तिशी ओलांडून गेली आहे.

मिस्त्रीचे अठरा मी मुद्दामच धरले नाहीत. का, ते पुढे येईल.

आधी आजारपण पाहू. तुमच्या इस्टेटमध्ये टेल्कोचं, म्हणजे टाटांचंच, ४८३ डीएल इंजिन आहे : चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण १९४८ सीसी, टर्बो नाही. पुण्यात बनलेल्या सिएरा (१९९१), इस्टेट (१९९२) आणि सुमो (१९९४) या तिन्ही गाड्या याच इंजिनावर निघाल्या. यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जात नाही. सिलिंडर हेडमधल्या एका लहानशा खोलीत ते आधी पेटतं आणि तिथून ज्वाळा अरुंद तोंडातून सिलिंडरमध्ये येते. आवाज कमी होतो, इंजिन मऊ चालतं, पण त्या खोलीच्या भिंती आणि अरुंद तोंड बरीच उष्णता खाऊन टाकतात. थेट फवारा मारणाऱ्या इंजिनापेक्षा अशी रचना साधारण १० ते १५ टक्के जास्त डिझेल घेते. हा तोटा तुमच्या गाडीला जन्मापासून आहे. साडेबाराचे साडेनऊ त्याने केलेले नाहीत.

ते काम दुसऱ्यांनी केलं आहे. सकाळी उशिरा उठणं म्हणजे एकतर हीटर प्लग गेलेत किंवा कॉम्प्रेशन उतरलंय. गेजने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि आकडे मिस्त्रीच्या तोंडून नको, कागदावर हवेत. चढाला काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी : नोजल थेंब गाळत असतील, पंपाचं टायमिंग सरकलं असेल, किंवा एअर फिल्टर लाल धुळीने चोंदला असेल. दल्ली-राजहराच्या लोहखाणींच्या बाजूला ये-जा असेल तर फिल्टरकडे आधी बघा. निळा धूर असता तर रिंगा आणि बोअरचा विचार आधी केला असता. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून तिथून फुसफुस वाफ येते का, तेही पाहा.

आणखी एक जागा आहे, जिकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि वर सांगतात, ‘अब कभी गरम नहीं होगी.’ बरोबर आहे, होत नाही. डिसेंबरातही होत नाही. डिझेल इंजिन थंड चाललं की इंधन अर्धवट जळतं, तेल लवकर खराब होतं आणि ॲव्हरेज वर्षानुवर्षं गळत राहतं, इतकं हळू की मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली. मे महिन्यात ४५ अंशात गाडी तापत असेल तर रेडिएटर उघडून रॉडिंग करून घ्या. थर्मोस्टॅट मात्र जागेवर हवाच.

या सगळ्यासोबत चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहा. मागचा ड्रम घासत असेल तर जगातलं कुठलंही इंजिन तुमचं ॲव्हरेज सुधारणार नाही. आणि टायरचा साइज? मोठा टायर घातला असेल तर मीटर कमी किलोमीटर दाखवतं, आणि तुम्ही उगाच इंजिनाला बोल लावत बसता.

आता जावयांचं म्हणणं. ते अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माणसं-सामान धरून पावणेदोन टनांच्या घरातली ही पेटीसारखी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने ओढायला माझ्या हिशोबाने इंजिनाला साधारण १७ अश्वशक्ती द्यावी लागते, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त नुसती हवा कापण्यात जाते. तुमच्या इंजिनाची ताकद पासष्टच्या आसपास. म्हणजे बाघनदी ओलांडून देवरीकडे जाताना तुम्ही त्याची चौथाई ताकद वापरत असता. मग लहान इंजिन पुरेल की! सपाट रस्त्यावर पुरेल. लहान इंजिन भरगच्च कामाला लावलं तर ते दर अश्वशक्तीमागे कमी इंधन खातं, हेही खरं. हल्लीच्या गाड्या हजार-बाराशे सीसीवर टर्बो लावून हेच करतात. पण त्या गाड्यांचे गिअर, क्राउन-पिनियन, वजन, सगळं त्या इंजिनाला धरून आखलेलं असतं. छोट्या कारचं इंजिन बहुधा आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, इंजिन उभं बसतं, मधून प्रॉपशाफ्ट जातो. ओढूनताणून बसवलंच, तर ट्रकला ओव्हरटेक करताना दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन लाभेल आणि क्लच प्लेट वर्षाला बदलावी लागेल.

तुमच्या सहकाऱ्यांचा मटाडोर-ट्रॅक्सचा सल्ला जुन्या काळी सोन्यासारखा होता. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चं तेल चौपट झालं आणि मोठ्या पेट्रोल गाड्या दारात उभ्या करून ठेवायची पाळी आली. तेव्हा ॲम्बॅसडर, जीप, परदेशी लांबलचक गाड्या यांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवणारे वस्ताद गावोगाव होते. हिंदुस्तान मोटर्सने डिझेल ॲम्बॅसडर काढली त्याच्या आधीपासून ही कारागिरी गॅरेजांत सुरू होती. तिचं गणित पक्कं होतं, कारण डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त मिळायचं. सरकारने २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे सोडले आणि ती दरी बुजत आली. शिवाय तुमची गाडी मुळात डिझेलच आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्सला दिलेलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. मर्सिडीज २४०डी ही जगभर टॅक्सी म्हणून घासली गेलेली गाडी त्याच इंजिनावर चालायची. मजबुतीला तोड नाही. पण मूळ ओएम ६१६ सुद्धा आधी छोट्या खोलीत इंधन पेटवणारंच आहे. तुम्ही एक खोलीवालं इंजिन काढून त्याहून मोठं, त्याहून जड खोलीवालं इंजिन बसवणार. ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढायचं काही कारण नाही.

मोठी वॅगन आणि ॲव्हरेजसाठी डिझेल, या हौसेची सगळ्यात महागडी गोष्ट अमेरिकेत घडली. १९७५च्या कायद्याने कंपन्यांना १९७८च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांची सरासरी गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला साडेसातच्या थोडी वर, गाठायची होती. जनरल मोटर्सकडे जहाजासारख्या स्टेशन वॅगन होत्या. त्यांच्याच ओल्ड्समोबाइलने ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल काढलं आणि कस्टम क्रूझरसारख्या वॅगनमध्ये बसवलं. ॲव्हरेज खरोखर सुधारलं. लोकांनी रांगा लावल्या. मग हेड गॅस्केट उडू लागले. इंजिनाचा ब्लॉक नुसता पेट्रोलचा उचललेला नव्हता, चांगला जाड केला होता. पण हेडचे बोल्ट आणि त्यांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, कारण कारखान्यातली जुनी यंत्रं तीच वापरायची होती. डिझेलचा दाब जवळपास दुप्पट-तिप्पट, तो त्या बोल्टांना झेपला नाही. भर म्हणून इंधनातलं पाणी वेगळं करणारा सापळाच बसवला नव्हता, त्यामुळे पंप गंजले. १९८५ मध्ये ते इंजिन बंद झालं. आणि त्या वॅगनवाल्यांपैकी कितीतरी जणांनी काय केलं? डिझेल काढून पुन्हा पेट्रोल व्ही-८ बसवलं. अमेरिकेत प्रवासी गाड्यांतल्या डिझेलचं नाव त्यानंतर बरीच वर्षं निघालं नाही. त्यात तुमच्या-माझ्यासाठी बघण्यासारखं एवढंच की, इंजिन एकटं बसत नाही. बोल्ट, पंप, फिल्टर, थंडावा सगळं त्याच्याबरोबर बसावं लागतं.

आता मिस्त्रीच्या कॉमन रेलकडे. तत्त्वाने तो बरोबर आहे. कॉमन रेल थेट फवारा मारतं, तेही प्रचंड दाबाने आणि हिशोबाने, त्यामुळे जुन्या खोलीवाल्या इंजिनावर ते निर्विवाद मात करतं. पण तो तुम्हाला नुसता लोखंडाचा गोळा दाखवतोय. त्या गोळ्यासोबत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लागतो, वायरिंगचं जाळं लागतं, पेडलचा सेन्सर, टाकीतला पंप, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, किल्लीतली चिप लागते. बीएस-६ मधलं, म्हणजे एप्रिल २०२० नंतरचं इंजिन असेल तर धुराचा फिल्टर आणि त्याचे सेन्सरही. एक जरी संदेश मिळाला नाही, तर संगणक इंजिनाला लंगड्या चालीवर टाकतो. गाडी साकोलीजवळ थांबली, तर तिथला डिझेल मिस्त्री पाना घेऊन येईल आणि नुसतं बघत उभा राहील. शिवाय गाडीचा आकार, वजन, क्राउन-पिनियन तेच राहणार. म्हणून पंधरा-सोळा हे मला मानण्याजोगं वाटतं. अठरा हा पाचजण, सामान आणि एसीसकट हायवेला यायचा आकडा नव्हे.

हे सगळं सांगूनही, कॉम्प्रेशन फारच उतरलंय, ब्लॉकला चीर आहे, क्रँक खलास आहे, असं तपासणीत निघालं तर इंजिन बदलावं लागेलच. मग निवड सोपी आहे : ४८३ घराण्यातलंच. सुमोमुळे त्याचे पार्ट आणि त्याला ओळखणारे हात दोन्ही मिळतात. माउंटिंग, बेल हाऊसिंग, गिअरबॉक्स, रेडिएटरचे पाइप जुळतात, ॲडॉप्टर प्लेटची कसरत नाही. याच इंजिनाचा टर्बोवाला भाऊ, ४८३ डीएलटीसी, १९९८च्या पहिल्या सफारीत होता. तो घाटाला आणि एसीला छान, पण टर्बोने खोलीतला तोटा भरून निघत नाही. ॲव्हरेजसाठी त्याचा हट्ट धरू नका, आणि बसवलाच तर क्लच आणि रेडिएटर त्याच्या तोडीचे करा.

टाटांच्याच घरात एक उफराटं उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. सुमो स्पासिओला त्यांनी ४०७ ट्रकच्या घराण्यातलं २९५६ सीसीचं इंजिन दिलं. तुमच्यापेक्षा हजार सीसी मोठं! तरी गावोगावचे जीपवाले ते ॲव्हरेजसाठी शोधत फिरायचे, कारण ते थेट फवाऱ्याचं आणि कमी फेऱ्यांत निवांत ओढणारं. सीसी बघून ॲव्हरेज सांगणाऱ्यांना हे इंजिन दाखवावं. मग तुमच्या इस्टेटमध्ये तेच का नको? जड आहे, पुढचं सस्पेन्शन दबेल, थरथराट खूप. शिवाय त्याच्या फेऱ्या कमी आणि तुमची क्राउन-पिनियन जास्त फेऱ्या मारणाऱ्या इंजिनासाठी आखलेली, म्हणजे मागचं डिफरन्शिअलही उघडायला लागणार. माल वाहायचा असता तर हो म्हटलं असतं. लग्नाला जायचंय.

कुठलंही इंजिन बदलताना एक गोष्ट विसरू नका, ती ॲव्हरेजची नाही, जिवाची आहे. डिझेल इंजिन स्वतःहून ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. नव्या इंजिनावर तो आहे का, आणि ब्रेक पेडल पहिल्यासारखं हलकं राहतं का, हे गॅरेजच्या आवारातच बघून घ्या. जीई रोडवरच्या गर्दीत कळायला नको.

कागदांचं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलणं हा गाडीतला बदल आहे. दुर्गच्या आरटीओत आधी विचारा, लेखी परवानगी घ्या, आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. त्याच मेकचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर वाट सोपी. गाडीचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून दूर गेला की सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आडवा येतो. नियमाबाहेरच्या बदलाला २०१९च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भंगारातलं इंजिन घेताना ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं आणि पक्की पावती मागा. ‘नंबर घासून देतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून चहा न पिता उठा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकेल. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव करणारा दिल्लीकडचा नियम छत्तीसगडला लागू नाही, पण दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच, आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून त्याची फी दहा हजार झाली आहे. ती तुमच्या वरच्या हिशोबात धरा.

तर क्रम असा ठेवा. टाकी फुल, नागपूर, पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल, आणि शंभरला किती लिटर ते लिहा. मग कॉम्प्रेशन, नोजल, पंप, थर्मोस्टॅट, ब्रेक. पुन्हा तीच फेरी, ताशी ७५-८० ने. आकडा साडेआठ लिटरच्या खाली आला तर इंजिनाचा विषय संपला. नाही आला तर बोअर-रिंगा करून घ्या. मिस्त्री नाराज होईल. पण त्याला तुमच्या सुमो-सिएरावाल्या मित्रांकडे पाठवा, त्यांच्याही गाड्यांचे थर्मोस्टॅट त्यानेच काढलेले असतील.

प्रश्न : डिझेलच्या पाइपला बाहेरून बसवायचं चुंबक मिळतं, त्याने ॲव्हरेज वीस टक्के वाढतं असं विक्रेता सांगतो. घेऊ का? — आणखी एक वाचक, राजनांदगाव

उत्तर : नको. डिझेल लोखंड नाही, चुंबकाला ते ओळखही देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली. बहुतेकांनी काहीच वाचवलं नाही, आणि मोजक्यांनी वाचवलं ते अगदी थोडं. त्या पैशात टायरमधली हवा मोजायचा चांगला गेज येईल. चुंबक घेऊन बसला असाल तर गॅरेजमध्ये जमिनीवर पडलेले नट उचलायला ते उत्तम.